निळा उजेड मोजून अणुभट्टीची शक्ती कशी कळते?

पाण्याच्या तळाशी निळा उजेड पसरलाय असा अणुभट्टीचा फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. तो पाहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो भीतीचा. हा उजेड घातक आहे का? उजेड स्वतः निरुपद्रवी आहे. तो ज्यांच्यामुळे पडतो ते किरण घातक असतात आणि त्यांना अडवायला वर कित्येक मीटर पाणी असतं. मला मात्र त्या फोटोत दुसराच प्रश्न ओढून घेतो. भट्टीची शक्ती वाढवली की हा उजेड वाढतो, कमी केली की मंदावतो. मग नुसता उजेड मोजून भट्टी या क्षणी किती शक्तीवर चालली आहे ते सांगता येईल का?

सांगता येतं. फक्त त्या उजेडात आत्ताची शक्ती किती आणि आधीच्या दिवसांची शिल्लक किती, हे वेगळं काढावं लागतं. सगळी मेख तिथेच आहे.

मुंबईकरांना हा विषय परका वाटायला नको. चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे, ट्रॉम्बेच्या डोंगराआड, आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. आशियातली पहिली संशोधन-भट्टी म्हणून तिचा उल्लेख होतो. ती ‘स्विमिंग पूल’ प्रकारची होती. सुमारे आठ मीटर खोल हौदात, साध्या शुद्ध पाण्यात, तिचा गाभा, म्हणजे इंधन असलेला भाग, वरच्या सरकत्या ट्रॉलीला टांगलेला असे. कमाल शक्ती १ मेगावॅट. २००९ मध्ये ती थांबवली गेली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच जागी २ मेगावॅटची ‘अप्सरा-यू’ सुरू झाली. शेजारच्या ‘सायरस’ आणि ‘ध्रुव’ या भट्ट्या मोठ्या होत्या, पण त्यांचे गाभे बंद टाकीत. हौदाची भट्टी वरून उघडी असते, म्हणून तिच्यात निळा उजेड डोळ्यांना दिसतो. आपली गोष्ट या हौदवाल्या भट्ट्यांचीच आहे.

आधी हे पाहू की अणुभट्टीची शक्ती मोजणं मुळात अवघड का आहे.

विजेचं मीटर लावून मोजावी अशी ती शक्ती नसते. युरेनियमचा एक अणू फुटला की साधारण २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा सुटते. आपल्या रोजच्या मापात ती इतकी क्षुल्लक आहे की नुसता एक वॅट मिळवायला दर सेकंदाला सुमारे ३,१०० कोटी अणू फुटावे लागतात. हे फुटणं कुणी एकेक करून मोजू शकत नाही. मग त्याच्या परिणामांपैकी एखादा पकडायचा आणि त्यावरून उलट हिशेब करायचा, एवढाच मार्ग उरतो.

सगळ्यात विश्वासाचा परिणाम म्हणजे उष्णता. गाभ्यातून सेकंदाला किती पाणी गेलं आणि ते किती अंशांनी तापलं, हे कळलं की शक्ती कळली. यात गृहीतकं फारशी नाहीत, म्हणून बाकीची सगळी उपकरणं शेवटी याच हिशेबाशी ताडून पाहतात. अडचण कुठे येते ते एका उदाहरणात बघा. समजा १ मेगावॅटच्या भट्टीतून सेकंदाला ५० किलो पाणी वाहतंय. पाणी सुमारे ४.८ अंशांनी तापेल. हे मोजणं सोपं. आता तीच भट्टी १० किलोवॅटवर आणली. पाणी तापेल जेमतेम ०.०५ अंश. हौदातल्या पाण्याच्या तापमानाची नेहमीची वरखाली याहून जास्त असते, त्यामुळे थर्मामीटरला काही सांगताच येत नाही. शिवाय पाणी तापायला, वाहायला, थर्मामीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो. शक्ती एकदम चढली तर ती बातमी उष्णतेकडून उशिरा येते आणि सुरक्षेच्या कामात असा उशीर चालत नाही.

म्हणून दुसरा मार्ग न्यूट्रॉनचा, म्हणजे अणू फुटताना सुटणाऱ्या कणांचा. गाभ्याच्या आसपास बोरॉनचा किंवा युरेनियमचा लेप असलेले, वायूने भरलेले डिटेक्टर बसवतात. न्यूट्रॉन लेपावर आदळला की भारित कण सुटतात आणि विजेचा संकेत मिळतो. हे वेगवान असतं आणि भट्टी सुरू होतानाच्या नाममात्र शक्तीपासून पूर्ण शक्तीपर्यंत चालतं. जगभर भट्ट्या याच मोजणीवर चालवतात आणि ते योग्यच आहे. पण डिटेक्टर बसतो एका ठिकाणी. त्याच्याजवळची कंट्रोल रॉड (न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणारी सळई) खाली गेली की त्याच्यापर्यंत पोचणारे न्यूट्रॉन कमी होतात. एकूण शक्ती तेवढीच असली तरी आकडा घसरतो. इंधन जळत जातं तसा गाभ्यातला न्यूट्रॉनांचा पसाराही बदलत राहतो. थोडक्यात, तो स्वतःभोवतीच्या न्यूट्रॉनांची संख्या बरोबर सांगतो, पण अख्ख्या गाभ्याची शक्ती त्यावरून अंदाजाने काढलेली असते.

उजेडाकडे वळण्याचं कारण हेच. तो सगळ्या गाभ्याभोवतीच्या पाण्यात एकाच वेळी पडतो आणि लांबून, कशाला हात न लावता, बघता येतो.

हा उजेड पडतो कसा, ते आता बघू. निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो आणि त्या वेगाला कुणीच ओलांडू शकत नाही. पण पाण्यात शिरल्यावर प्रकाश मंदावतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे तिथे त्याचा वेग उरतो सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर. इलेक्ट्रॉनवर मात्र हा मंद वेग पाळायचं बंधन नाही. सुमारे ०.२६ एमईव्ही किंवा त्याहून जास्त ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशाला मागे टाकतो. भारित कण पाण्यातून जाताना जवळच्या रेणूंना क्षणभर डिवचतो आणि ते पूर्ववत होताना बारीकशी लहर सोडतात. कण संथ असेल तर या लहरी एकमेकींना पुसून टाकतात, बाहेर काही दिसत नाही. कण प्रकाशाच्या पुढे धावत असेल तर मागे पडलेल्या लहरी एकमेकींवर चढून एक ठळक आघाडी तयार होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली लाँच वेग घेते तेव्हा तिच्या मागे पाण्यावर पाचराच्या आकाराच्या दोन लाटा पसरत जातात, कारण लाँच पाण्याच्या लाटांपेक्षा पुढे पळत असते. इलेक्ट्रॉनच्या मागे पसरते ती पाचर प्रकाशाची. पाण्यात ती कमाल सुमारे ४१ अंशांच्या कोनात बाहेर पडते, पण इलेक्ट्रॉन सगळ्या दिशांना धावत असल्यामुळे आपल्याला एकसंध आभा दिसते.

रंग निळा का? कारण या प्रक्रियेत लहान तरंगलांबीचे प्रकाशकण जास्त निघतात. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या टोकाशी निघणारे कण ७०० नॅनोमीटरच्या लाल टोकापेक्षा सुमारे तिप्पट असतात. त्यात पाणी लाल प्रकाश जास्त शोषतं. अतिनील भागात उजेड याहूनही जास्त असतो, आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही इतकंच.

१९३४ मध्ये पावेल चेरेन्कोव्ह या रशियन संशोधकाने सेर्गेई वाविलोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली या उजेडाचा पद्धतशीर अभ्यास केला. मेरी क्यूरींनाही रेडियमच्या द्रावणात फिकट निळी झाक दिसली होती, पण ते नेहमीचं प्रतिदीपन समजून विषय मागे पडला. चेरेन्कोव्हने द्रव बदलून पाहिले, ते शुद्ध करून पाहिले. उजेड कायम राहिला. त्या काळी इतका मंद प्रकाश मोजणारं सोयीचं यंत्र नव्हतं. मोजणी सुरू करण्याआधी तो तासाहून जास्त वेळ काळोखात बसून डोळे तयार करायचा आणि डोळ्यांनीच मोजायचा. या उजेडाचं मोजमाप असं मानवी डोळ्यांनी झालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३७ मध्ये इल्या फ्रँक आणि इगोर टॅम यांनी त्यामागचं गणित मांडलं. १९५८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

भट्टीच्या पाण्यात इतके वेगवान इलेक्ट्रॉन येतात कुठून, हे नीट कळलं की मोजणीतल्या खाचाखोचाही कळतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो स्वतः हा उजेड पाडत नाही. अणू फुटल्यावर उरलेले तुकडे किरणोत्सारी असतात आणि इलेक्ट्रॉन फेकतात, पण त्यातले बहुतेक इंधनातच किंवा इंधनावरच्या धातूच्या आवरणात अडकतात. बाहेर पडतात ते मुख्यतः गॅमा किरण. ते पाण्याच्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनना धडकून पुढे उडवतात. साधारण ०.४२ एमईव्हीच्या वरचा गॅमा किरण असेल तरच उडालेल्या इलेक्ट्रॉनकडे उजेड पाडण्याइतका वेग येऊ शकतो. असा एक वेगवान इलेक्ट्रॉन पाण्यात एक सेंटिमीटर गेला तर दृश्य प्रकाशाचे जेमतेम दोनशे कण सोडतो. त्याच्या ऊर्जेचा हजारावा भागही उजेडात जात नाही. तरी हौद उजळतो, कारण असे इलेक्ट्रॉन अब्जावधींच्या अब्जावधी असतात.

साखळी अशी झाली: अणू फुटतो, गॅमा निघतात, गॅमा इलेक्ट्रॉन उडवतात, इलेक्ट्रॉन उजेड पाडतात. प्रत्येक टप्प्यावर प्रमाण ठरलेलं. दुप्पट अणू फुटले तर उजेडही दुप्पट. आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी घडतं, म्हणजे उष्णतेसारखा उशीर नाही. तेहरानच्या ५ मेगावॅटच्या हौदवाल्या संशोधन-भट्टीवर हे करून पाहिलं गेलं आणि उजेड शक्तीच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो असं दिसलं. ‘ट्रायगा’ नावाच्या संशोधन-भट्ट्यांवरही असे प्रयोग झाले आहेत.

उपकरण म्हणून यात फार काही लागत नाही. गाभ्याच्या वर, पाण्यात सोडलेली एक जलरोधक नळी, तिच्या तळाला काच आणि भिंग, आणि वरच्या टोकाला उजेडाचा विजेचा संकेत करणारा फोटोडायोड किंवा फोटोमल्टिप्लायर. नळीचा तळ पाण्याखालीच ठेवावा लागतो. वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून बघितलं तर तरंगांमुळे आकडा सतत थरथरतो. नळी आतून काळी करतात, म्हणजे इकडचा तिकडचा प्रकाश भिंतीवरून परावर्तित होऊन आत येत नाही. हौदाच्या हॉलमधले दिवेही नडतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही. फोटोडायोडला कळतं, आणि त्याच्या संकेतावर तेवढीच कुरकुर बसते. काच कुठली वापरायची तेही बघावं लागतं. साधी काच गॅमाच्या माऱ्याने हळूहळू तपकिरी पडते आणि नेमका निळाच प्रकाश अडवायला लागते. मग शक्ती तीच असताना आकडा महिन्यागणिक उतरत जातो. क्वार्ट्झ त्यामानाने टिकाऊ. प्रकाश वाहून न्यायला ऑप्टिकल फायबर गाभ्याजवळ नेला तर त्या फायबरच्या काचेतच चेरेन्कोव्ह उजेड पडतो आणि पाण्याचा कुठला, काचेचा कुठला, हा वेगळाच घोळ होतो. पाणी गढूळ झालं तरी उजेड कमी दिसतो. हे सगळे त्रास खरे आहेत, पण ते सांभाळता येण्यासारखे आहेत.

सांभाळायला खरोखर कठीण जातो तो शिल्लक उजेड.

गॅमा किरणांचे दोन गट असतात. एक गट अणू फुटताक्षणीच निघतो. दुसरा गट फुटलेल्या तुकड्यांमधून नंतर सावकाश निघत राहतो, कुणी सेकंदांनी, कुणी तासांनी, कुणी महिन्यांनी. एक अणू फुटण्यामागे दोन्ही गटांची ऊर्जा जवळपास सारखी, प्रत्येकी सहा-सात एमईव्ही. भट्टी पूर्ण बंद केली तरी दुसरा गट चालूच राहतो, म्हणून बंद भट्टीचाही हौद निळा दिसतो. उष्णतेच्या हिशेबात ही शिल्लक बंद केल्याक्षणी सहा-सात टक्के असते आणि दिवसाभराने अर्ध्या टक्क्यावर येते. उजेडाच्या हिशेबात मात्र तिचा वाटा त्याहून बराच मोठा, कारण तुकड्यांची बहुतेक ऊर्जा इंधनातच उष्णता होऊन मुरते आणि उजेड पाडणारे असतात ते गॅमाच.

याचा अर्थ काय होतो बघा. भट्टी आठवडाभर १ मेगावॅटवर चालवली आणि मग १० किलोवॅटवर उतरवली. आत्ताची शक्ती आधीच्या एक टक्का. पण हौदातला उजेड एक टक्क्यावर येत नाही. शिल्लक गॅमांचा उजेडच या नव्या शक्तीच्या उजेडापेक्षा जास्त भरतो. फोटोडायोड बिघडलेला नाही, त्याने उजेड बरोबरच मोजला आहे, तरी त्यावरून काढलेली शक्ती साफ चूक. उलट, बरेच दिवस थंड पडलेली भट्टी सुरू केली तर सुरुवातीला शिल्लक नसते आणि ती जमा होत जाते, म्हणून शक्ती स्थिर असूनही उजेड काही काळ किंचित चढत राहतो. न्यूट्रॉन डिटेक्टरलाही गॅमाचा उपद्रव होतो, पण तिथे तो वजा करणारी रचना डिटेक्टरमध्येच करता येते. इथे मोजतोय तेच मुळी गॅमांचं फळ. त्यामुळे भट्टी आधी किती वेळ, किती शक्तीवर चालली याची नोंद ठेवून शिल्लक उजेड गणिताने काढावा लागतो आणि वजा करावा लागतो. हे गणित जमण्यासारखं आहे. पण ज्या आकड्यामागे आधीच्या आठवड्याचा हिशेब लागतो, त्या एकट्या आकड्यावर भट्टी चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात पाण्याचाही स्वतःचा एक वाटा आहे. गाभ्यातले वेगवान न्यूट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनवर आदळतात तेव्हा काही अणूंचा नायट्रोजन-१६ होतो. त्याचं अर्धायुष्य अवघं सात सेकंद, पण तो फेकतो ते इलेक्ट्रॉन १० एमईव्हीपर्यंत पोचतात आणि सोबतचे गॅमा सुमारे ६ एमईव्हीचे. हा किरणोत्सार इंधनात अडकलेला नसतो, थेट पाण्यात मिसळलेला असतो आणि प्रवाहाबरोबर वाहत जातो. म्हणून पंपाचा वेग बदलला की उजेडाचा पसाराही थोडा बदलतो आणि नळी कुठे बघते आहे यावर आकडा अवलंबून राहतो. ‘अप्सरा’सारखा गाभा ट्रॉलीवरून सरकवता येत असेल, तर नळीही त्याच्याबरोबर सरकायला हवी आणि दर वेळी नव्याने ताडून पाहायला हवी.

मग ही पद्धत कामाची कुठे? पहिली जागा, तपासणीची. न्यूट्रॉनचे तीन डिटेक्टर एकाच तत्त्वावर चालत असतील तर एकाच कारणाने तिन्ही एकदम चुकू शकतात. वेगळ्या तत्त्वावर चालणारा चौथा आकडा शेजारी असेल आणि तो जुळला नाही, तर चालवणाऱ्याला थांबून बघावंसं वाटेल. सुरक्षेत याची किंमत फार मोठी आहे. त्यासाठी उजेडाचा आकडा उष्णतेच्या हिशेबाशी उच्च शक्तीवर जुळवून घ्यायचा, कारण उजेड स्वतःहून वॅट सांगत नाही.

दुसरी जागा, जिथे शक्ती क्षणात चढते आणि उतरते. ट्रायगा भट्ट्यांमध्ये एक कंट्रोल रॉड झटक्यात बाहेर काढून काही मिलिसेकंदांपुरती शक्ती शेकडो मेगावॅटवर नेता येते. इंधन तापताच ती आपोआप खाली येते. हौदात निळा झोत उठतो आणि विझतो. इतक्या कमी वेळात शिल्लक गॅमा जमायला सवडच मिळत नाही, आणि उष्णतेचा थर्मामीटर तर अजून जागाही झालेला नसतो. अशा झोताचा चढ-उतार टिपायला वेगवान फोटोडायोडइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ही पद्धत सगळ्यात शोभते ती इथेच.

तारापूरसारख्या वीजनिर्मितीच्या भट्ट्यांत मात्र ती चालत नाही. तिथे गाभा जाड पोलादी पात्रात किंवा नळ्यांमध्ये, प्रचंड दाबाखाली बंद असतो. आत उजेड पडतो, पण बघायला खिडकी नाही. काही वीजभट्ट्यांत तोच नायट्रोजन-१६ कामाला लावतात. बाहेर येणाऱ्या पाइपवर डिटेक्टर लावून त्याचे जोरकस गॅमा मोजतात आणि त्यावरून शक्तीचा अंदाज घेतात. उजेड नाही, पण मूळ कारण तेच.

आणि मोजणीत ज्या शिल्लक गॅमांनी घोळ घातला, त्यांचाच उपयोग दुसरीकडे होतो. वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याच्या हौदात ठेवलेलं असतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक त्या हौदावर उभे राहून अतिनील प्रकाश टिपणाऱ्या खास कॅमेऱ्याने इंधनसळ्यांचा एकेक जुडगा बघतात. खऱ्या वापरलेल्या इंधनाची आभा सळ्यांच्या मधल्या फटींतून विशिष्ट पद्धतीने वर येते. नकली जुडगा ठेवला असेल तर तशी येत नाही. जुडगा पाण्याबाहेर काढावा लागत नाही, त्याला हात लावावा लागत नाही. एखादा नेला असेल तर त्याच्या रिकाम्या जागेवरून ते कळतं.